ती ओळ मी खोडणार नाही : पुण्यातल्या वधू-वर सूचक मंडळांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहरातील वधू-वर सूचक मंडळांचे चालक आणि कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मुलीचं नाव नोंदवायला मी तुमच्यापैकी एका मंडळात गेले होते. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका मंडळाची नाहीच. चार पानी फॉर्म होता. जन्मवेळ, नाडी, गण, मंगळ, उंची, वर्ण, चष्मा, पगार, स्वतःचा फ्लॅट, सगळं भरलं. तिसऱ्या पानाच्या तळाशी प्रश्न होता : 'कुटुंबात कोणास वेड / मानसिक आजार / फेफरे आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी 'होय'वर खूण केली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'मामा. स्किझोफ्रेनिया. १९९९ पासून उपचार चालू. नोकरी करतात.'

टेबलापलीकडच्या बाईंनी फॉर्म वाचला. माझ्याच वयाच्या असतील, बोलायला गोड. तिसऱ्या पानावर थांबल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि ड्रॉवरमधून व्हाइटनरची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "ताई, हे राहू द्या. मामाच तर आहे, सख्खा भाऊ थोडाच आहे मुलीचा? हे लिहिलंत तर एक स्थळ येणार नाही. मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

त्यांनी खरोखर माझ्या भल्यासाठीच सांगितलं, याबद्दल मला शंका नाही. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. वाईट हेतूने कोणी सांगितलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण हाच सल्ला, इतक्याच मायेने, आमच्या घराला बावीस वर्षांपूर्वीही मिळाला होता. तेव्हा आम्ही तो ऐकला.

बापू माझा धाकटा भाऊ. एकविसाव्या वर्षी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना तो आजारी पडला. आधी झोप गेली, मग मित्र तुटले. मग तो सांगू लागला की गल्लीतल्या मंडळाच्या स्पीकरवरून आपलं नाव घेतात. आईने दृष्ट काढली, उतारे टाकले, एका बुवांकडे पाच गुरुवार नेलं. मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढायला आम्हाला सात महिने लागले. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत स्पीकरमधलं नाव बंद झालं. तो झोपू लागला, जेवू लागला, शुक्रवार पेठेत एका बाइंडिंगच्या कारखान्यात जाऊ लागला. वह्या शिवायच्या, पुठ्ठे लावायचे. संध्याकाळी घरी आला की हाताला खळीचा वास यायचा. आम्हाला तो वास फार आवडायचा, कारण तो आला म्हणजे बापू कामावर जाऊन आला.

मग त्याच्या लग्नाचा विषय निघाला. नाव नोंदवायला गेलो तिथल्या काकांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "लग्न करून द्या, जबाबदारी अंगावर पडली की डोकं ताळ्यावर येतं. आणि गोळ्यांचं वगैरे बोलू नका, पुढे बघता येईल." वडिलांना हेच ऐकायचं होतं. घरात कोणी उलट बोललं नाही. मीही नाही.

२००३ च्या मे महिन्यात लग्न ठरलं. गोळ्यांनी बापूला सुस्ती यायची, बोलताना जीभ जड व्हायची, हाताला थोडा कंप असायचा. बघण्याच्या कार्यक्रमात कंप दिसायला नको म्हणून आईने त्याच्या हातात चहाचा कप दिलाच नाही, टेबलावर ठेवला. आणि हळदीच्या दहा दिवस आधी ठरलं की लग्न होईपर्यंत गोळ्या थांबवायच्या. फोटोत डोळे मिटलेले नकोत. त्या गोळ्या पाकिटातून काढून मेतकुटाच्या रिकाम्या बरणीत मीच भरून ठेवल्या. स्ट्रिपवरची नावं नखाने खरवडली, तीही मीच. सुनेने विचारलंच तर पित्ताच्या गोळ्या सांगायचं, असं घरात ठरलं होतं.

गोळ्या एकदम बंद झाल्या तर काय होतं, हे आज मी डॉक्टरांकडून नीट समजून घेतलेलं आहे. आजार पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उलटायचा धोका कितीतरी पटीने वाढतो. त्यात लग्नघर. चार-चार रात्रींची जागरणं, उपास, गर्दी, पाहुण्यांचा गोंगाट. ज्याला झोप सांभाळायला सांगितलेली असते, त्याला आपण मांडवात उभं करतो. मंगलाष्टकं चालू असताना बापू सारखा उजव्या कानावर हात ठेवत होता. पाहुणे म्हणाले, स्पीकर फार मोठा लावलाय. मला कळलं होतं की तो स्पीकरमधून काय ऐकतोय. मी अक्षता टाकत राहिले.

सप्टेंबरमध्ये एके दिवशी बापूची बायको माझ्या घरी आली. दारातच उभी राहिली. हातात मेतकुटाची ती बरणी. म्हणाली, "वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं ना?" मी तिला आत या म्हणाले. ती आत आली नाही. दिवाळीच्या आधी माहेरी गेली आणि मग कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. त्या अर्जात 'फसवणूक' हा शब्द होता. तो खरा होता, आम्ही विरोध केला नाही. ती काही वाईट नव्हती. तिला नवऱ्याच्या आजारापेक्षा चार महिने ऐकलेलं खोटं जास्त लागलं, असं ती वकिलांसमोर म्हणाली होती. आधी सांगितलं असतं तर काय केलं असतंस, हे विचारायचा हक्क आमच्याकडे उरला नव्हता.

बापूला त्या वर्षी दोनदा भरती करावं लागलं. आजार उलटून आला की पहिल्याइतका पटकन आवरत नाही. कारखान्यातली नोकरी गेली, परत मिळायला सहा वर्षं लागली.

आता तुमच्याकडे येते.

लग्न जुळवणाऱ्यांना असं पत्र का, असं तुम्ही विचाराल. डॉक्टरांना लिहा, सरकारला लिहा, मंडळाचा काय संबंध? माझा अनुभव असा, की आपल्या समाजात मानसिक आजार लपवायला माणूस खरा शिकतो तो लग्नाच्या बाजारात. शाळा-कॉलेजातल्या मुलाला घाबरल्यासारखं होतंय, झोप येत नाही, आईबाप डॉक्टरांकडे न्यायला तयारही होतात. पण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "उद्या लग्नाच्या वेळी कुणी विचारलं तर?" या एका वाक्यापायी किती जण ओपीडीच्या दारातून परत फिरले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत सर्वेक्षण केलं. त्यात व्यसनांसह धरून सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला, म्हणजे दहांमागे एक. आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांशिवाय होते. डॉक्टर कमी आहेत, हे कारण आहेच. पण पुण्यात डॉक्टर आहेत, ससूनला बाह्यरुग्ण विभाग आहे. तरी त्या सात महिन्यांत आम्ही आधी बुवाकडे का गेलो? कारण बुवाकडे गेलं तर 'बाहेरचं झालंय' म्हणता येतं. बाहेरचं झालेल्याचं लग्न जमतं. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलेल्याचं जमत नाही.

पुण्यात तर आपल्याकडे एक शब्दच आहे. 'येरवडा.' शाळेत असल्यापासून ऐकतोय, "याला येरवड्याला पाठवा." इंग्रजांच्या काळापासूनचं, अडीच हजार खाटांचं ते प्रादेशिक मनोरुग्णालय. तिथे बरी होऊनही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं राहिलेली माणसं असतात, त्यात बायकाही. लग्नानंतर आजारी पडलेली बाई माहेरी सोडली जाते, मग माहेरचेही दार लावतात. मी बापूसाठी रडते, पण खरं सांगायचं तर बापू पुरुष होता म्हणून त्याचं एकदा तरी लग्न लागलं. त्याच्या जागी मी आजारी असते तर माझं नाव नोंदवायला कोणी घराबाहेर पडलं नसतं.

तुमच्या फॉर्मवरचा तो प्रश्न मी परत परत वाचला. वेड, मानसिक आजार, फेफरे. तीन वेगळ्या गोष्टी एका तिरक्या रेघेत बांधल्या आहेत. फेफरं, म्हणजे फिट येणं, हा मेंदूचा आजार, त्याचे डॉक्टर वेगळे. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी फेफऱ्याचा उल्लेख होता, तो १९९९ साली काढून टाकला. कायद्यातून गेला, तुमच्या फॉर्मवर राहिला. 'वेड' या शब्दाला वैद्यकशास्त्रात जागा नाही. आणि 'मानसिक आजार' म्हणाल तर बाळंतपणानंतर दोन महिने नैराश्याच्या गोळ्या घेतलेली बाईही त्यात आली, परीक्षेच्या आधी धडधड होते म्हणून समुपदेशकाकडे गेलेला मुलगाही आला आणि माझा बापूही. तिघांनी एकाच चौकोनात खूण करायची?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम ३ मध्ये, स्वच्छ लिहिलं आहे की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो माणूस मनाने अक्षम आहे असं मानता येणार नाही. तसं ठरवायचं तर सक्षम न्यायालयाने ठरवायचं. विवाह कायद्यातही नुसता आजार असणं हा लग्नाला अडथळा नाही. संमती देता न येण्याइतकी किंवा संसाराला अयोग्य ठरण्याइतकी त्याची तीव्रता असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये घटस्फोटाच्या एका प्रकरणात हेच सांगितलं : आजाराला स्किझोफ्रेनिया हे नाव मिळालं म्हणून घटस्फोट मिळत नाही, त्या माणसात तो किती आणि कसा आहे हे पाहावं लागतं. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली, तर लग्न रद्द होऊ शकतं. म्हणजे बघा, आजार सांगून केलेलं लग्न कायद्याच्या नजरेत पक्कं, आणि व्हाइटनर लावून केलेलं कच्चं. तुम्ही आम्हाला जो सल्ला मायेने देता, तोच उद्या त्या लग्नाविरुद्धचा पुरावा होतो.

आनुवंशिकतेचंही बोलायला हवं, कारण सगळी भीती तिथे आहे. "मामाच तर आहे," असं त्या बाई म्हणाल्या. स्किझोफ्रेनिया आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता सर्वसाधारण माणसात शंभरात सुमारे एक. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत शंभरात दहाच्या आसपास. मामा किंवा मावशीला असेल तर भाच्यांत तीन-चार. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला तरी निदान निम्म्या वेळा दुसऱ्याला होत नाही. म्हणजे धोका शून्य नाही, मी तसं म्हणणारही नाही. पण माझी मुलगी आजारी न पडण्याची शक्यता शंभरात शहाण्णवच्या वर आहे. मधुमेह चार पिढ्या चालत आलेल्या घरांची स्थळं तुम्ही रोज जुळवता, तिथे असा प्रश्न विचारत नाही. दारूचा प्रश्न तर त्या फॉर्मवर नव्हताच. मुलीच्या आईला त्याची जास्त काळजी असते, एवढं तरी मी सांगू शकते.

मग माझं मागणं काय? प्रश्न काढून टाका असं मी म्हणत नाही, तो ठेवाच असंही नाही. पहिल्याच भेटीत, नोंदणी फी भरणाऱ्या कोणालाही चाळता येईल अशा फाइलीत, कोणाच्या घरचा आजार लिहून ठेवू नये असं मला वाटतं. डॉक्टरांनी आपली माहिती गुप्त ठेवावी, हा रुग्णाचा हक्क कायद्याने दिला आहे. तुमच्या कपाटातल्या फाइली मात्र टेबलावर उघड्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्या. सांगायची एक वेळ असते. दोघांची पसंती झाली, दोन-तीन वेळा भेटले, आणि सुपारी फुटायची आहे, ती वेळ. तेव्हा तुम्ही दोन्ही घरांना समोरासमोर बसवा आणि सांगायला लावा. आजार मुलाचा किंवा मुलीचा स्वतःचा असेल तर होणाऱ्या जोडीदाराने एकदा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटावं, जोडीने भेटावं. पत्रिका बघायला ज्योतिषाकडे जातो तसं. एक तास जाईल. त्या तासानंतर नकार आला तर तो पुढच्या वीस वर्षांपेक्षा स्वस्त आहे. आणि होकार आला, तर गोळीची वेळ झाल्याची आठवण करून देणारं माणूस घरात येतं. असे होकार येतात. आमच्या ओपीडीच्या बाकावर मी अशी जोडपी पाहिली आहेत. एक गृहस्थ बायकोच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा सगळ्यांदेखत, मांडीवर ठेवून भरत होते. नावं खरवडलेली नव्हती.

पण दोन वाक्यं मात्र तुमच्या मंडळांतून कायमची गेली पाहिजेत. 'लग्न करून द्या, ताळ्यावर येईल' हे एक. लग्न हे औषध नाही, आणि समोरची मुलगी नर्स म्हणून येत नाही. दुसरं, 'लग्नापुरत्या गोळ्या थांबवा.' मुलींच्या बाबतीत तर हे उठताबसता सांगितलं जातं, पुढे मूल व्हायचंय म्हणून. काही औषधं गरोदरपणात बदलावी लागतात, हे खरं आहे. पण ते डॉक्टर बदलतात, दिवस राहण्याच्या आधी, नियोजन करून. मंडळाने किंवा आत्याबाईंनी बदलायची ती गोष्ट नाही. त्याऐवजी तुमच्या भिंतीवर, त्या पुढच्या मेळाव्याच्या पोस्टरशेजारी, १४४१६ हा आकडा लावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्याकडे आईबाप येतात, तासन् तास बसतात. त्यांच्यातल्या एखाद्याने जरी तो आकडा गुपचूप टिपून घेतला तरी खूप झालं.

स्थळं येणार नाहीत, ही तुमची भीती खोटी नाही. पण हे पुणं आहे. १८९३ साली याच शहरात धोंडो केशव कर्व्यांनी एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या गावाने, मुरूडने, त्यांना वाळीत टाकलं होतं. आज तुमच्या त्याच फॉर्मवर 'पुनर्विवाह' हा छापील रकाना आहे. अंगावर कोड असलेल्यांचे वधू-वर मेळावे या शहरात भरले, आणि तेही कुणीतरी पुढाकार घेतला म्हणून. लोक बदलले मग रकाने बदलू, असं म्हणत बसलो तर काहीच होत नाही. कधीकधी रकाना आधी बदलावा लागतो.

माझ्या मुलीचा फॉर्म अजून माझ्याकडेच आहे. ती सत्तावीस वर्षांची आहे, सगळं जाणते. बापूमामाने शिवलेल्या वह्यांवर ती शाळा शिकली. तिला मी विचारलं, खोडू का? ती म्हणाली, "आई, ती ओळ खोडलीस तर मामाला काय सांगशील?"

मी आधी सांगितलं नाही, पण पूर्वी आमच्याकडे बघायला पाहुणे यायचे, तेव्हा बापूला सारसबागेत पाठवायचो. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी चार वेळा पाठवलं. वडील त्याच्या हातात भेळेचे पैसे द्यायचे आणि सांगायचे, दिवेलागणीच्या आत येऊ नकोस. तो कधी आधी आला नाही. परवा मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललेलं त्याने ऐकलं. रात्री जेवण झाल्यावर ताट उचलता उचलता मला म्हणाला, "ताई, पाहुणे येतील त्या दिवशी मी किती वाजता बाहेर जाऊ?" सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. अगदी साध्या आवाजात विचारलं, बसची वेळ विचारावी तसं.

शनिवारी मी फॉर्म घेऊन तुमच्यापैकी कोणाकडे तरी पुन्हा येणार आहे. नोंदणी फी आणीन, फोटो आणीन. तिसऱ्या पानावरची ओळ आहे तशी असेल. आणि एक निरोप आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आधीच देऊन ठेवा : त्या दिवशी मुलीचा मामा घरात असेल, आणि चहा तोच आणेल. त्याचा हात थोडा कापतो, म्हणून कप अर्धाच भरलेला असेल.

आपली,
एका मुलीची आई
सहकारनगर, पुणे